घरात व्हीआर आणताय? आधी खेळ ठरवा, मग प्लॅटफॉर्म, मग खोली; हेडसेट सगळ्यात शेवटी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या इमारतींत मी बऱ्याच घरांत व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे खेळाच्या आत उभं असल्यासारखं दाखवणारे) हेडसेट बसवून दिलेत. चूक बहुतेक ठिकाणी तीच होते. हेडसेट आधी घरात येतो, मग त्यावर कोणते खेळ चालतात याची चौकशी होते, आणि हॉलमध्ये हात पसरायला जागा आहे का हा प्रश्न पंख्याला हात लागल्यावर पडतो. हजारोंचा खर्च होतो आणि दोन महिन्यांत डबा माळ्यावर जातो. म्हणून इथे पूर्ण क्रम लिहितोय. पायऱ्या याच क्रमाने घ्या. मधली एखादी वगळली तर पुढे अडकाल.

## पायरी १ : पाच खेळ कागदावर लिहा

हेडसेटचं नाव काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, काय खेळायचंय? गाडी चालवायची आहे, तालावर हात फिरवायचेत, भुताटकी हवी आहे की नुसता व्यायाम? पाच खेळांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुठे चालतो ते लिहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

काही उदाहरणं घ्या. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा गाड्यांचा खेळ व्हीआरमध्ये खेळायचा तर सोनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि त्याचा हेडसेट पीएस व्हीआर२ लागतोच, दुसरा रस्ता नाही. ‘होरायझन कॉल ऑफ द माउंटन’चंही तसंच. उलट ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ हा २०२०चा खेळ पीसीचा आहे, तो पीएस५वर मिळणार नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ पीएस५वर असेल तर त्याचा व्हीआर भाग वेगळे पैसे न देता मिळतो.

तालावर हात फिरवायचा ‘बीट सेबर’ सगळीकडे चालतो असं समजून लोक निर्धास्त असतात. तो खेळ बनवणारी कंपनी मेटाच्या, म्हणजे क्वेस्ट हेडसेट विकणाऱ्या फेसबुकवाल्या कंपनीच्या, मालकीची आहे. २०२५च्या जूनपासून प्लेस्टेशनवर त्याला नवी गाणी येणं थांबलं. म्हणजे खेळ तोच, नाव तेच, पण कुठे घेतला यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. पुढच्या पायरीत जे सांगायचंय त्याचा हा सगळ्यात सोपा नमुना.

इशारा : घरी एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) आहे म्हणून ‘त्याला लावायचा हेडसेट’ शोधत बसू नका. एक्सबॉक्ससाठी व्हीआर हेडसेट आलेलाच नाही. क्वेस्टमध्ये एक्सबॉक्सचे खेळ दिसतात ते मोठ्या सपाट पडद्यावर. तुम्ही खेळाच्या आत उभे नसता.

दुसरा इशारा : २०१६चा पहिला पीएस व्हीआर आणि २०२३चा पीएस व्हीआर२ यांची नावं जवळची असली तरी पहिल्याचे खेळ दुसऱ्यावर आपोआप चालत नाहीत. ज्या खेळाची नवी आवृत्ती बनवणाऱ्यांनी काढली, तेवढाच चालतो. जुन्या पीएस४च्या डिस्कचा गठ्ठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

## पायरी २ : कुलूप कुठे आहे ते बघा

प्लॅटफॉर्म म्हणजे खेळ ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र आणि त्याचं दुकान. खुला प्लॅटफॉर्म आणि बंद प्लॅटफॉर्म हे शब्द ऐकले की लोकांना वाटतं हा तंत्रज्ञांचा वाद आहे. तो तुमच्या पाकिटाचा प्रश्न आहे. कोणताही हेडसेट घेण्याआधी चार प्रश्न विचारा :

१. खेळ दुसऱ्या दुकानातून घेता येतो का?
२. हा हेडसेट दुसऱ्या यंत्राला लागतो का?
३. उद्या हेडसेट बदलला तर विकत घेतलेले खेळ सोबत येतात का?
४. आवडला नाही तर पैसे परत मिळतात का?

पीएस५ आणि पीएस व्हीआर२. इथे दुकान बंद आहे : खेळ प्लेस्टेशन स्टोअरमधून किंवा डिस्कवर, तिसरी वाट नाही. दुसऱ्या कंपनीचा कुठलाही हेडसेट पीएस५ला लागत नाही. परतीचा नियमही कडक आहे. डाउनलोड सुरू केलं नसेल तरच चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात. एकदा खेळ उतरवून घ्यायला सुरुवात झाली की सहसा विषय संपला. व्हीआरमध्ये हे जास्त टोचतं, कारण डोकं गरगरतं की नाही हे खेळल्याशिवाय कळतच नाही. म्हणून जिथे डेमो असेल तिथे आधी डेमो.

पण बंद असण्याचा फायदाही खरा आहे. खेळ बनवणाऱ्याला समोर कोणतं यंत्र आहे ते पक्कं माहीत असतं, त्यामुळे ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्ड, सेटिंग यांची डोकेदुखी तुमच्या वाट्याला येत नाही. एक केबल जोडली की अर्ध्या-पाऊण तासात माणूस खेळायला लागतो. ज्यांना ऑफिसमधून सात वाजता येऊन आठ वाजता खेळायचंय त्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

सोनीने ७ ऑगस्ट २०२४ रोजी पीएस व्हीआर२ पीसीला जोडायचं अडॅप्टर आणलं आणि या भिंतीला एक खिडकी पडली. त्यातून स्टीम या पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले व्हीआर खेळ खेळता येतात. मात्र पीसीवर एचडीआर (उजेड-अंधारातला ठळक फरक), नजर कुठे आहे त्याचा माग, हेडसेटची थरथर आणि ट्रिगरचा बदलता ताण या गोष्टी चालत नाहीत. म्हणजे ज्या करामतींसाठी जादा पैसे मोजले त्यांतल्या बऱ्याच बंद राहतात. फक्त पीसीसाठी घ्यायचा असेल तर हे आधी पचवा.

मेटा क्वेस्ट. क्वेस्ट ३ (२०२३) आणि क्वेस्ट ३एस (२०२४) यांच्या पोटातच संगणक आहे. टीव्ही, कन्सोल काही लागत नाही. दुकान मेटाचं, खातं मेटाचं. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. शिवाय तो पीसीला केबलने किंवा वाय-फायने जोडता येतो, आणि मग स्टीमवरचे खेळही उघडतात. डेव्हलपर मोड, म्हणजे अॅप बनवणाऱ्यांसाठीची सेटिंग, सुरू करून दुकानाबाहेरची अ‍ॅपही घालता येतात. थोडक्यात, मुख्य दार मेटाच्या ताब्यात असलं तरी मागचं दार उघडं आहे.

पण खात्याची अट विसरू नका. २०२० साली क्वेस्ट २ आला तेव्हा फेसबुकचं खातं सक्तीचं होतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये ते बदलून मेटाचं वेगळं खातं आलं. यंत्र तुमच्या टेबलावर असलं तरी त्याचे नियम बाहेरून बदलतात.

पीसी. हा सगळ्यात खुला. स्टीमवर घेतलेला खेळ हेडसेट बदलला तरी तुमच्याकडे राहतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे हेडसेट एकाच खेळाला लागावेत म्हणून ओपनएक्सआर हे सामायिक मानक २०१९पासून आहे. परतीची मुदत इथेही चौदा दिवस आणि दोन तास. खर्च आणि खटपट मात्र सगळ्यात जास्त.

आणि खुलं म्हणजे कायमचं, असंही नाही. मायक्रोसॉफ्टने व्हीआर हेडसेट चालवणारी विंडोजमधली यंत्रणा ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ २०२४च्या विंडोज ११ २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले चांगले हेडसेट एका अपडेटने अडचणीत आले. आज जुन्या बाजारात ते फार स्वस्त दिसतात. एवढे स्वस्त का, याचं उत्तर हेच.

माझं मत सरळ आहे. घरी पीएस५ आहे आणि यादीत गाड्यांचा खेळ आहे, तर पीएस व्हीआर२. घरी ना पीएस५ ना ताकदीचा पीसी, तर क्वेस्ट. फक्त व्हीआरसाठी नवा पीएस५ घेऊ नका. त्या पैशांत क्वेस्ट येऊन खेळांनाही पैसे उरतात.

तपासणी : यादीतले पाचपैकी किमान तीन खेळ निवडलेल्या प्लॅटफॉर्मवर आहेत का? नसतील तर पायरी १वर परत जा.

## पायरी ३ : खोली मोजा, आणि वर बघा

पीएस व्हीआर२ला बसून किंवा एका जागी उभं राहून खेळायला साधारण एक मीटर बाय एक मीटर जागा पुरते. चालत-फिरत खेळायचं तर दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट, मोकळी हवी. आपल्याकडच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा-कम-बेड, टीव्हीचं युनिट आणि डायनिंग टेबल वगळून ही जागा सहसा उरत नाही. त्यामुळे आधी मोजा. मेजरिंग टेप घ्या आणि जमिनीवर मास्किंग टेपने चौकोन आखा. हेडसेट नसतानाच त्या चौकोनात उभं राहून दोन्ही हात चारी दिशांना पूर्ण फिरवा. जिथे हात लागेल ती वस्तू हलवायची.

मग वर बघा. लोक जमीन मोजतात, पंखा कुणीच मोजत नाही. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने हात सरळ वर केला की बोटं साडेसात फुटांच्या आसपास जातात, हातात कंट्रोलर असतो तो वेगळाच. माझ्या हॉलच्या पंख्याच्या एका पात्याला कडेला आजही पांढरी रेघ आहे. वरून येणारी वस्तू पकडायला मी हात उंचावला तेव्हाची. पंखा सर्वांत कमी वेगावर होता म्हणून बोटं वाचली, कंट्रोलरच्या कड्याचा टवका मात्र उडाला. आता चौकोन मी पंख्याच्या खाली आखतच नाही, हॉलच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागात आखतो आणि टेबल फॅन लावतो.

जागेबद्दल आणखी तीन गोष्टी :

आरसा आणि ऊन. हेडसेट बाहेरचे कॅमेरे वापरून खोली ओळखतो. समोर कपाटाचा आरसा किंवा चकचकीत काच असेल तर त्याला खोली दुप्पट दिसते आणि खेळातले हात भलतीकडे उडायला लागतात. आरशावर चादर टाका. थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. मात्र पूर्ण अंधारही नको, कॅमेऱ्यांना उजेड लागतो.

दिव्यांची लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. क्वेस्टमध्ये हातांचा माग सारखा तुटत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करून बघा. स्वस्तातले एलईडी दिवे असलेल्या घरांत याने फरक पडलेला मी पाहिलाय.

खालचं घर. उड्या मारायच्या खेळांचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. आमच्या खालच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, दुपारी दोन वाजता कसलं कुटताय?” तेव्हापासून चौकोनाच्या मध्ये योगा मॅट असते आणि दोन ते चार खेळ बंद. मॅटचा दुसरा फायदा म्हणजे पायाला कड लागली की आपण मधून सरकलोय हे डोळे झाकलेले असतानाही कळतं.

तपासणी : खोलीचं दार आतून लागतं का? हेडसेट घातलेल्या माणसाला मागून आलेलं लहान मूल दिसत नाही. ही अट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

## पायरी ४ : आता खरेदी

पीएस व्हीआर२ भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०२३मध्ये आला. नातेवाइकांकडून दुबईहून किंवा अमेरिकेहून मागवण्याआधी त्याची वॉरंटी भारतात लागू होते का ते विचारा. अनेकदा होत नाही. भारतातल्या विक्रेत्याचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर आहे का बघा.

जुना घेत असाल तर स्टेशनबाहेर भेटून डबा घेऊ नका. मी एकदा तसाच घेतला. डबा नव्यासारखा, कंट्रोलर चकाचक, आणि घरी आल्यावर उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक पिवळट डाग. आधीच्या मालकाने हेडसेट खिडकीत ठेवला होता. भिंग सूर्यकिरण एका बिंदूवर आणतं आणि आतला पडदा जळतो. काही क्षण पुरतात, आणि हे दुरुस्त होत नाही. त्यामुळे विकणाऱ्याच्या घरीच जा, हेडसेट चालू करून पूर्ण पांढरा पडदा दोन्ही डोळ्यांनी बघा, केबलचं टोक हलवून बघा, दोन्ही कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काड्या सोडल्यावर मध्यावर येतात का बघा. शेवटी, क्वेस्ट असेल तर, त्यांचं खातं तुमच्यासमोर काढायला सांगून फॅक्टरी रीसेट करून घ्या.

पीसीवाल्यांसाठी इशारा : पीएस व्हीआर२च्या अडॅप्टरला डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो आणि त्याची केबल वेगळी घ्यावी लागते. बऱ्याच लॅपटॉपना फक्त एचडीएमआय असतो, आणि एचडीएमआयवरून हे काम होत नाही. आधी लॅपटॉपच्या कडा तपासा, मग पैसे भरा. क्वेस्टला ही अडचण नाही, तो यूएसबीने किंवा वाय-फायने जोडला जातो.

## पायरी ५ : खातं आधी, केबल नंतर

प्लेस्टेशनचं खातं उघडताना देश निवडावा लागतो आणि तो नंतर बदलता येत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून अमेरिकेचं खातं उघडलं की भारतीय कार्ड अडतं आणि भारताचं गिफ्ट कार्डही त्यात चालत नाही. खातं भारताचंच ठेवा, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने उघडा. पीएस व्हीआर२ बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं सोनीच सांगते. क्वेस्टवर दहा वर्षांपासून खातं काढता येतं, पण ते पालकांच्या नियंत्रणाखालचं.

पीएस व्हीआर२ जोडण्याचा क्रम :

१. पीएस५ आधी अपडेट करा. खेळ आदल्या रात्री डाउनलोडला लावा. मोठे खेळ शंभर जीबीच्या पुढे जातात.
२. हेडसेटची केबल पुढच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये लावा. पीएस५च्या स्लिम मॉडेलमध्ये पुढे असे दोन पोर्ट आहेत, त्यातला वेगवान निवडा.
३. दोन्ही कंट्रोलर आधी पूर्ण चार्ज करा आणि पहिल्यांदा एकेक करून केबलने पीएस५ला जोडा. इथे घाई केली की डावा सापडतो आणि उजवा सापडत नाही, अशी तक्रार येते.
४. मनगटाचे पट्टे घाला. पहिल्या दिवसापासून, प्रत्येकाने.
५. खोली डोक्याने हळूहळू फिरून स्कॅन करा, मग जमिनीवर आखलेल्या टेपच्या चार बोटं आत, खेळायच्या जागेची सीमारेषा हेडसेटमध्ये काढा.

केबल साडेचार मीटरची आहे. ती पाठीमागून खाली सोडा आणि एकाच दिशेने गोल गोल फिरू नका; तीन फेऱ्यांत ती पायाला गुंडाळते.

क्वेस्ट आधी फोनवरच्या अ‍ॅपमधून जोडा, अपडेट होऊ द्या, मग सीमारेषा काढा. पीसीशी वाय-फायने जोडणार असाल तर पीसी राउटरला केबलने जोडलेला हवा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, त्याच खोलीत. मोठ्या टॉवरमध्ये प्रत्येक घरात राउटर असल्याने चॅनेल गजबजलेले असतात. चित्र अडखळलं तर हेडसेटला दोष देण्याआधी राउटरचा चॅनेल बदलून बघा.

तपासणी : सीमारेषेकडे हात नेला की जाळी दिसते का? चारही बाजूंना करून बघा. दिसत नसेल तर पुन्हा आखा, पुढे जाऊ नका.

## पायरी ६ : भिंगं डोळ्यांना जुळवा

धूसर दिसतंय म्हणून हेडसेट परत करणारे दोघे मला माहीत आहेत. दोघांनीही भिंगांमधलं अंतर जुळवलं नव्हतं. पीएस व्हीआर२वर त्यासाठी फिरकी आहे, क्वेस्ट ३वर चाकी आहे, क्वेस्ट ३एसवर भिंगं सरकवून तीन टप्प्यांपैकी एक निवडायचा. आधी हेडसेट वर-खाली करून अक्षरं स्वच्छ दिसतील तिथे थांबा, मग पट्टा आवळा, मग अंतर जुळवा. पट्टा आधी आवळला तर अक्षरं कधीच नीट बसत नाहीत. घरातला दुसरा माणूस खेळायला आला की हे पुन्हा करायचं.

चष्मा असेल तर तो भिंगाला टेकत नाही ना, बघा. एकदा पडलेला चरा जात नाही.

आणि डोक्याला तेल, कपाळाला गंध किंवा चेहऱ्याला क्रीम असेल तर आधी पुसून या. पाहुणे आले की आमच्याकडे हेडसेट आठ जणांच्या डोक्यावरून जातो, आणि खोबरेल तेलाचा पातळ थर भिंगावर बसला की सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. भिंग कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसा. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा ओला टिश्यू अजिबात नको.

## पायरी ७ : पहिला आठवडा, दहा-दहा मिनिटं

पहिल्याच रात्री दोन तास खेळून मळमळ झाली की माणूस पुन्हा हेडसेटला हात लावत नाही. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातल्या तोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून गरगरतं. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात.

पहिले तीन दिवस फक्त असे खेळ, ज्यांत तुम्ही स्वतः एका जागी उभे असता. चौथ्या दिवसापासून चालायचे खेळ, तेही सेटिंगमध्ये टेलिपोर्ट (चालण्याऐवजी थेट निवडलेल्या जागी पोचणं) आणि टप्प्याटप्प्याने वळणं निवडून. गाडीचा खेळ शेवटी. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. पोट रिकामंही नको आणि नुकतं जेवलेलंही नको. पंख्याचा वारा समोरून येऊ द्या; त्याने बरं वाटतं आणि तोंड कुठल्या दिशेला आहे हेही कळतं.

इशारा : तोंडाला पाणी सुटणं किंवा कपाळाला गार घाम येणं ही पहिली खूण. त्याच क्षणी हेडसेट काढा. ‘एवढी लेव्हल संपवतो’ म्हटलंत तर उरलेली संध्याकाळ पलंगावर जाईल. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट घालू देऊ नका.

## पायरी ८ : ठेवायची जागा, विशेषतः पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा ओली असते. कॅमेऱ्याच्या भिंगांना जशी बुरशी येते तशी इथेही येऊ शकते, आणि चेहऱ्याला टेकणाऱ्या घामट गादीला वास येतो तो वेगळाच. खेळून झालं की हेडसेट लगेच डब्यात बंद करू नका. अर्धा तास पंख्याखाली, सावलीत, भिंगं खाली करून ठेवा. मग झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. आमचा डबा धान्याचा जुना दहा लिटरचा आहे. त्यात हेडसेट, दोन्ही कंट्रोलर आणि सहा पुड्या नीट बसतात. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या.

पावसाळ्यात महिना महिना हेडसेट वापरला नाही तरी दर पंधरा दिवसांनी काढून भिंगं उजेडात तिरकी धरून बघा, आणि कंट्रोलर चार्ज करा. गणपतीत मखर हॉलच्या कोपऱ्यात येतं आणि आखलेला चौकोन मोडतो. विसर्जनानंतर सोफा पुन्हा जागेवर गेला की जुनी सीमारेषा पुसून खोली नव्याने स्कॅन करा. मखरासाठी सरकवलेलं टेबल चार इंच जरी पुढे राहिलं असेल तरी हाताची बोटं आधी त्यावरच जातात.